वाटेत पाणी पिणार नाही

तलवाडा,
६ नोव्हेंबर २०२४

चि. पंचशीला हिला आत्याचा सप्रेम जयभीम.

'इकडील सर्व खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी' हे वाक्य नोकरीत असताना मी चौथीच्या मुलांकडून इतकं गिरवून घेतलं की झोपेत उठवलं तरी लिहितील. आज मात्र स्वतः पेन हातात घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडून बसले. तुझ्या अंबाजोगाईच्या डॉक्टर मॅडमनी मला बजावलंय, शीलाला कशाचीही खात्री द्यायची नाही. मग सगळं खुशाल आहे असं तरी कोणत्या तोंडाने लिहू? तेव्हा असं धर, की इकडे सगळं खुशाल असेलही, नसेलही.

हसलीस का? मला लिहिताना हसू आलं.

आपलं रान बटईनं करणारी साखराबाई आत्ताच येऊन गेली. मला पाटावर कागद घेऊन बसलेली बघून म्हणाली, "फोन मोडला का काय, बाई? कावून लिवत बसल्या?" मी म्हटलं, फोन धडधाकट आहे, बोलणाऱ्यांना जरा वळण लावायचंय. तिला काही कळलं नाही. मी तरी तिला काय समजावणार? मला स्वतःला समजायला अंबाजोगाईपर्यंत जावं लागलं.

त्या दिवशी तू बाहेर अंजूला घेऊन बसली होतीस आणि मॅडमनी पवनरावांना आणि मला आत बोलावलं होतं. आत काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, आपल्या पोरीचं कौतुक करतील, औषध लिहून देतील, झालं. त्यांनी मलाच विचारलं, शीलाचा फोन आला की तुम्ही काय बोलता? मी म्हणाले, काय बोलणार, 'काही होत नाही बाळा, काळजी करू नकोस' म्हणते. त्या म्हणाल्या, त्याने तिला किती वेळ बरं वाटतं? मी विचार केला आणि खरं ते सांगितलं. फोन ठेवेपर्यंत. मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "आत्याबाई, तुम्ही शीलाला धीर देत नाही. तिच्या आजाराला चारा घालता."

मला राग आला. तुला लहानपणापासून मीच धीर देत आलेली. वहिनी गेली तेव्हा तू नुकती शाळेत जायला लागली होतीस, शहादेवदादाने तुला माझ्याकडे आणून सोडलं, तेव्हापासून 'काही होत नाही बाळा' म्हणतच तुला वाढवलं. आणि ही कालची बाई मला सांगते की त्यानेच पोरीचं दुखणं वाढतंय. पण पवनरावांकडे बघितलं तर ते मान खाली घालून बसलेले. रोज संध्याकाळी गावोगावच्या ग्रामपंचायतींची कामं करून घरी आले की आधी अंगणात अंगावरचे कपडे उतरवून अंघोळ, मग घरात पाऊल. थंडीतसुद्धा. त्यांनी ते तुझ्या सुखासाठी केलं, आणि तुझ्या भीतीचं अंगण मात्र रोज थोडं थोडं वाढत गेलं. हे त्यांनीच मॅडमना सांगितलं, मी नाही.

मंत्रचळ हा शब्द मला माहीत होता. आमच्या वेळी हात धुणाऱ्या, कडी तपासणाऱ्या माणसाला तसं म्हणून लोक हसायचे आणि पुढे जायचे. त्यालाच ओसीडी म्हणतात आणि त्यावर उपचार असतो, हे मला या वयात कळलं. उपचार तरी काय, तर ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम हात लावायचा, आणि हात लावल्यावर धुवायचा नाही. भीती चढू द्यायची, बसू द्यायची आणि तिची ती उतरेपर्यंत काहीच करायचं नाही. ऐकायला सोपं आहे. मला तरी जमेल का, हे मी त्या खोलीत बसूनच स्वतःला विचारलं.

परवा फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस. "आत्या, तू माझ्यावर रागावलीस का? खरं सांग ना गं." मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी म्हटलं, असेनही, नसेनही. तू फोन ठेवलास. मी तसाच फोन मांडीवर घेऊन बसून राहिले, चहा निवून गेला. उत्तर जिभेवर आलं होतं, पोरी. ते गिळताना किती त्रास झाला ते मॅडमनी नाही विचारलं.

म्हणून पत्र. पत्रात तुला मध्येच विचारता येत नाही आणि मला घाईने पाघळता येत नाही. मात्र हे पत्र एकदाच वाच. पुन्हा पुन्हा वाचून त्यात माझा राग किंवा माया हुडकत बसू नकोस, मॅडमचं तसं सांगणं आहे. ज्या बाईने मुलांना प्रत्येक धडा दोनदा वाचायला लावला, तिच्यावर ही वेळ आलीय. मी पण माझ्याकडून नियम पाळते. कच्चं लिहून मग स्वच्छ अक्षरात उतरवायची माझी सवय तुला माहीत आहे. या खेपेला खाडाखोड आहे तशीच पाठवते.

केजला कधी येतेस म्हणून विचारतेस. अगं, गुडघा लई कुरकुरतो. त्यात कापूस वेचणीला आलाय. मांजरही व्यालीय, तिची पिल्लं माळ्यावर आहेत. बघू.

अंजूला पापा.

तुझी आत्या,
जी रागावली असेलही, नसेलही


तलवाडा,
११ डिसेंबर २०२४

चि. शीलास,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर बिघडलंय, पण मजकूर वाचून डोळे भरून आले. पवनरावांच्या बुटांना हात लावून तू तसंच अंजूला मांडीवर घेतलंस. गावाकडच्या शेंगा न धुता सोलल्यास, खाल्ल्यास आणि तिलाही भरवल्यास. मग तासभर भिंतीला टेकून बसलीस, पण मोरीकडे गेली नाहीस. 'आत्या, शेवटी शेवटी मला कंटाळा आला गं भीतीचा' असं तू लिहिलंयस, ते वाक्य मी साखराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लई धीराची हाय पोरगी." शाबासकी द्यायला मनाई नाही, हे मी मॅडमना फोन करून विचारून घेतलंय. तेव्हा शाबास. पुन्हा एकदा शाबास.

फवारणीच्या औषधाची तुझी भीती मला आधी पटतच नव्हती. अंजू पोटात असताना तू पेपरात कुणा शेतकऱ्याची बातमी वाचलीस आणि तिथून गावाकडून येणारं सगळं तुला विषारी दिसायला लागलं. पिशवी, धोतर, धूळ, माणसं. मला वाटायचं, नवीन आईचं हळवेपण आहे, जाईल. आपल्या कपाशीवर फवारणी होते हे तर खरंच. मग खोटं कुठे आहे? मॅडम म्हणाल्या, भीती खोटी नाही, तिचं पोट भरत नाही एवढंच. कितीही धुतलं तरी ती अजून मागते.

आता मुद्द्यावर येते. मागच्या पत्रात आले नाही आणि या पत्रातही मांजरीच्या पिल्लांवर पानभर लिहायचा विचार होता. पण पवनराव रविवारी येऊन गेले.

ते आले तेव्हा मी शिडीवर चढून माळ्यावरच्या पिल्लांना दूध ठेवत होते. त्यांनी खालून शिडी धरली. मी उतरले. चहा झाला. मग म्हणाले की शीलाच्या पुढच्या पायरीला तुम्ही लागता. मॅडमनी ठरवलंय, गावाहून आत्या येणार, शीलाच्या घरात बसणार, शीलाच्या हातचं पाणी पिणार, आणि तोच पेला न धुता शीला पिणार. मी म्हटलं, बघा ना पवनराव, हा गुडघा. त्यांनी शिडीकडे बघितलं. आवाज न चढवता म्हणाले, "आत्या, तुमचा गुडघा केजच्या गाडीतच दुखतो का?"

जावयाने असं बोलावं! मी चुलीकडे तोंड केलं.

मग त्यांनी सांगितलं, की शीला मॅडमना दर खेपेला विचारते, आत्याला झालं तरी काय. तिला अंदाज आहे, पण ती रोज तुम्हाला विचारून विचारून त्या अंदाजाला धार लावते. मॅडमचं म्हणणं असं की खरं काय ते एकदा, एकदाच सांगायचं. त्यावर चर्चा नाही, त्याची उजळणी नाही, माफीबिफी नाही. खरं सांगणं म्हणजे खात्री देणं नाही. म्हणून लिहिते.

गेल्या जानेवारीत मी हुरड्याची पिशवी घेऊन आले होते. गाडीत बसायला जागा नव्हती, बीडपासून उभीच आले. तू दार उघडलंस आणि चेहरा कसनुसा झाला. पिशवी बाहेरच्या पायरीवर ठेवायला लावलीस. मला ओट्यावरच्या खुर्चीत बसवलंस. तोपर्यंत मला काही वाटलं नव्हतं. मला ठाऊक होतं तुला धुळीचा त्रास होतो. मी पाणी मागितलं. तू तांब्या घेऊन आलीस, पेला आणला नाहीस. दोन हात लांब उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आत्या, ओंजळ कर."

आणि मी ओंजळ केली, शीला. हे मला सांगायचंय. तू म्हणालीस याचं नाही, मी केली याचं. मी खुर्चीतून उठून खाली उकिडवी बसले, कोपर वर केलं, दोन्ही हात जोडून तोंडापाशी नेले. मला कुणी शिकवावं लागलं नाही. पाणी वरून पडायला लागलं तशी मान आपोआप खाली गेली.

माहेरच्या गावी शाळेत माठ होता आणि माठावर पेला होता. बाकीची मुलं बुडवून प्यायची. आमच्या घरांतली मुलं पायरीखाली बसायची. कुणाला वेळ असला की तो तांब्याने वरून ओतायचा, नसला की नाही. आबांनी, माझ्या वडिलांनी, दीक्षा घेतली होती, घरातले देव विसर्जन करून आले होते, रोज वंदना व्हायची. तरी शाळेतला तांब्या वरूनच यायचा. दुपारच्या सुट्टीत आम्ही पोरी त्या पायरीखाली वाट बघत बसलेल्या मला अजून दिसतो. सांडलेलं पाणी कोपरावरून फ्रॉकात जायचं आणि वर्गात बसल्यावर फ्रॉक गार लागायचा. मी मास्तरीण झाले त्या दिवशी ठरवलं होतं की माझ्या वर्गात पेला एक असेल, साखळीने माठाला बांधलेला, आणि त्यातून पहिली मी पिईन, मग कोणाचंही लेकरू. नोकरी संपेपर्यंत ते पाळलं. तू त्याच पेल्यातून प्यालीस. माठ भरायची पाळी तुझी असायची तेव्हा चिंब भिजून यायचीस.

मी समजत होते की ती ओंजळ मी केव्हाच मागे टाकली. पुढे एवढी वर्षं शाळा चालवली, भाषणं केली, लेकरांना हक्क शिकवले. आणि माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीने एक शब्द म्हटला, तर माझे हात आधी खाली गेले आणि मी मागून गेले. मी ते पाणी प्याले. तहान लागली होती, प्याले. मग पदराने तोंड पुसलं, तुला म्हटलं, उशीर होतोय, बीडची गाडी चुकेल. तू म्हणालीस, आत्ता तर आलीस. पण थांब म्हणाली नाहीस. भीतीने म्हणाली नाहीस, हे आता कळतं. तेव्हा नव्हतं कळलं.

स्टँडवर बसून मी रडले. पेपरवाल्याने बघितलं म्हणून पेपर विकत घेतला.

तेव्हापासून केज नको वाटतं. गुडघा बरा आहे, थोडाफार या वयाला शोभेल इतका दुखतो. कापूस साखराबाई वेचते. मांजरीला माझी गरज नाही.

हे असं आहे. मला लागलं. फार लागलं. तुझा आजार होता हे मला पुढे पवनरावांनी सांगितलं आणि ते पटलंही, पण लागलेलं पटण्याने जात नाही. राग आहे का, होता का, गेला का, हे तू विचारू नकोस, मी सांगणार नाही. ते सांगितलं तर तुला संध्याकाळपर्यंत बरं वाटेल आणि उद्या सकाळी तू पुन्हा विचारशील. मला तुला संध्याकाळपुरतं बरं करायचं नाही.

पत्र एकदाच वाच. हे तर नक्कीच एकदा.

तुझी आत्या


तलवाडा,
१० जानेवारी २०२५

चि. शीलास सप्रेम जयभीम.

तुझं पत्र छोटंसंच आलं. ते बरं केलंस. त्यात माफी मागितली नाहीस, हे वाचून आधी मला खुपलं, खरं सांगते. मग लक्षात आलं की ती न मागता पत्र पेटीत टाकायला तुला काय पडलं असेल. रोज फोनवर मागत होतीस तेव्हा ते सोपं होतं. पवनराव म्हणाले, पाकीट चिकटवल्यावर पोस्टापर्यंत तू ते हातात आवळून धरलं होतंस.

तू एकच विचारलंयस, की आत्या आली आणि पुन्हा तसंच झालं तर. होईलही, नाहीही. हे आता मला फार सहज म्हणता यायला लागलंय. परवा साखराबाईने विचारलं, कापसाला भाव येईल का, तर मी तेच म्हणाले. ती माझ्याकडे बघतच राहिली.

माझं एक तुला सांगायचं राहिलं होतं. तू पायऱ्या चढतेस आणि मी खालून शाबास म्हणते, हे मला बरोबर वाटेना. म्हणून स्वतःकडे जरा बघितलं. तर काय दिसलं? गेल्या वर्षापासून मी कुणाच्याच घरी पाणी पीत नाही. लग्नाला गेले, सांत्वनाला गेले, पंचायतीत गेले, पिशवीत माझी बाटली. कुणी पाणी आणलं की म्हणायचं, आत्ताच पिऊन निघाले. लोकांना वाटतं, बाई पथ्य पाळतात. मलाही तसंच वाटायचं. कोणी पेला आणील की तांब्या, हा प्रश्नच उभा राहू नये म्हणून मी तहानच लपवत होते. आता सांग, तुझ्या हात धुण्यात आणि माझ्या बाटलीत काय फरक? मॅडमना मी हे सांगितलं नाही. त्यांनी माझं पण नाव लिहून घेतलं तर पंचाईत.

मग मी साखराबाईकडे गेले. बाटली घरी ठेवली. दारात बसून थोडं इकडचं तिकडचं बोलले आणि म्हटलं, पाणी दे गं. साधे शब्द, पण म्हणताना भीती वाटली. या वयात, रोजच्या शेजारणीच्या दारात. माझे हात मांडीवर होते. ते एकमेकांकडे सरकायला लागले तसे मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. साखराबाईचं बोलणं चालूच होतं, की व्यापारी कापूस ओला म्हणून कसा नाडतो. बोलता बोलता तिने फडताळातून पेला काढला, पदराने पुसला, माठात बुडवला आणि माझ्या हातात दिला. तिचं बोलणं मध्ये तुटलंसुद्धा नाही. मी पाणी प्याले. पेला तिला परत दिला. तिने उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि व्यापाऱ्याला आणखी एक शिवी हासडली.

एवढंच झालं. मी घरी येऊन बसले आणि बराच वेळ काही केलं नाही. भीती उतरली. आपली आपण उतरली. तुझ्या मॅडमचं खरं आहे.

आता ऐक. पुढच्या रविवारी, १९ तारखेला, मी केजला येते. सकाळची गेवराईची गाडी, तिथून बीड, मग मांजरसुंब्यावरून केज. हुरडा तयार आहे, पिशवी भरून आणते. ज्वारीवर कुणी फवार... नाही, हे वाक्य पुरं करत नाही. पिशवी कुठे ठेवायची ते तू ठरव.

शाळेतला साखळीचा पेला माझ्याकडे आहे. शाळेत फिल्टर बसला तेव्हा मी तो मागून आणला होता. तो सोबत आणावा असं फार मनात आलं. घासूनसुद्धा ठेवला होता. मग परत फडताळात ठेवला. ओळखीचा पेला बघून तुला सोपं जाईल, आणि मलाही. पेला तुझ्या घरचा लागेल. तू रोज वापरतेस तो, अंजू ज्यातून पिते तो.

बाटली घेणार नाही. वाटेत पाणी पिणार नाही. मांजरसुंब्याला गाडी थांबली की सगळे उतरून पाणी पितात, मी खिडकीशी बसून राहीन. तुझ्या दारात तहानलेली येईन आणि म्हणेन, शीला, पाणी दे.

तू पेला आणशील की तांब्या, हे मला आधी कळवू नकोस. पवनरावांकडून निरोपही पाठवू नकोस. मला खात्री नको. तांब्या आला आणि तो वरून कलला, तर मी तोंड फिरवून बीडची गाडी धरणार नाही, आणि ओंजळही करणार नाही. हात मांडीवर ठेवीन आणि बसून राहीन. तुला आत जाऊन पेला आणायला वेळ लागला तर लागू दे. भीती चढेल, तिला चढू दे. माझी चढेल, तिलाही. तहानेने या वयात माणूस काही लगेच मरत नाही. मरेलही, नाहीही.

पेला आला, तर मी अर्धं पाणी पिईन आणि अर्धं ठेवीन. तू लहान असताना चहाच्या बशीचं आपलं तसंच होतं. मी अर्धी पिऊन बशी खाली ठेवायचे, आणि तू वाट बघत बसलेली असायचीस. मला 'घे' म्हणावं कधी लागलं नाही. आताही म्हणणार नाही. उरलेल्या पाण्याचं काय करायचं, ते तुझं तू बघ.

पत्राच्या शेवटी 'काळजी नसावी' लिहायची रीत आहे. ती मी आज मोडते. काळजी असू दे. मी पण माझी घेऊनच गाडीत बसते.

जयभीम.

तुझ्या दारात पाणी मागायला येणारी,
तुझी आत्या
भामा